रुईखालचे याकूबभाई

याकूबभाई परकार म्हटलं की मला ते आडवेच आठवतात. रियाधच्या बाहेर एका वादीत, म्हणजे वर्षातून एकदोनदाच पाणी पाहणाऱ्या ओढ्याच्या रुंद कोरड्या पात्रात, रुईच्या झाडाखाली पाठ टेकलेले. छातीवर रुमाल, रुमालावर पेन्सिल, पाय वाळूत लांब सोडलेले आणि नजर पानांच्या पोटाकडे. साठीकडे झुकलेला, बुटका, पोट सुटलेला माणूस असा उन्हात पडलेला पाहून रस्त्यावरच्या गाड्या थांबत. एकदा तर कुणीतरी अँब्युलन्स बोलावली. याकूबभाई उठून कपडे झटकत त्या मंडळींना अरबीत म्हणाले, "मी बरा आहे. अंडी मोजत होतो." त्यावर ती माणसं आणखीच काळजीत पडली.

ते खरोखर अंडीच मोजत. तिकडे रुईला उशर म्हणतात. वाळवंटात दुसरं काही जगत नाही तिथेही ती जगते आणि तिचा चीक इतका जहाल की उंटसुद्धा तिच्या वाटेला जात नाहीत. पण एक फुलपाखरू तिच्यावरच अंडी घालतं. नारिंगी पंख, टोकं काळी, काळ्यावर पांढरे ठिपके. अमेरिकेत हजारो मैल उडत जाणारं मोनार्क नावाचं फुलपाखरू प्रसिद्ध आहे, त्याची ही चुलत बहीण. विद्यापीठातले डॉक्टर सालेह यांनी या फुलपाखरांची आणि रुईची गणना करायला हौशी माणसं जमवली होती. आठदहा जण होते म्हणे सुरुवातीला. मी पाहिलं तेव्हा एकटे याकूबभाई उरले होते.

दर शुक्रवारी सकाळी, थंडी सुरू झाल्यापासून ती सरेपर्यंत, ठरलेली पन्नास झाडं. प्रत्येक झाडावर अंडी किती, अळ्या किती आणि केवढ्या, कोष किती. मग शहरात, ते राहत त्या बत्ह्याला परतून जुम्म्याची नमाज.

मला पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा मी सरळ पान धरलं आणि उलटं केलं. त्यांनी माझं मनगट पकडलं.

"पान उलटायचं नाय, निमकरभाऊ. आपण उलटं व्हायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे पडा खाली. तुम्ही पान वळवलंत तर अळी पडते. तिला परत चढायला अर्धा दिस लागतो. आपल्याला खाली पडून परत उठायला किती लागतो?"

त्यांना बराच लागत असे. गुडघ्यांवर हात ठेवून, "या अल्ला, या अल्ला" करत, दोन टप्प्यांत. पन्नास झाडं म्हणजे पन्नास वेळा. मी कधी हात पुढे केला तर म्हणायचे, "ऱ्हाऊ दे. सवय मोडेल."

आमच्या कंपनीत ते स्टोअरकीपर होते. कंपनी वायरिंगची आणि एसीची कंत्राटं घेणारी. ऑफिस मलाझमध्ये, स्टोअर शहराच्या दक्षिणेला. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या एका गावातून हा माणूस विशीत आला आणि त्याच कंपनीत पिकला. स्टोअरमधला त्यांचा कायदा सगळ्या साइटवर माहीत होता. जुनी इन्सुलेशन टेप संपल्याची नळी परत आणल्याशिवाय नवी टेप मिळायची नाही. मिसरी, म्हणजे इजिप्तचे, इंजिनीअर आरडाओरडा करायचे. याकूबभाई शांतपणे सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचा चहा, ओतून त्यांच्यापुढे ठेवत आणि म्हणत, "नळी." बस्स. त्या नळ्यांचं पुढे काय करायचे, ते मला वादीत कळलं. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी एक नळी रोवलेली आणि तिच्यावर आकडा.

आकडे डॉक्टरांसाठी. याकूबभाईंसाठी झाडांना नावं होती, त्यांच्या गावातल्या माणसांची. पहिल्या रांगेतली सगळ्यात उंच, डेरेदार रुई म्हणजे खोतीण. दोन फांद्या दोन दिशांना गेलेलं एक झाड म्हणजे वाटणीत भांडलेले नुरूमामूचे मुलगे. एका खुरट्या झाडाला ते मास्तर म्हणायचे, कारण त्याच्यावर कधी काही उतरत नसे पण ते ताठ उभं असे. "काय खोतीणबाय, आज कोण आलं होतं?" असं विचारतच ते खाली पडत. खोतीणवर नेहमी जास्त अंडी असत आणि त्याचा त्यांना थोडा रागही असे. "श्रीमंताकडेच जातात सगळे. फुलपाखरू काय नि माणूस काय."

माझी त्यांची खरी ओळख या नावांमुळेच झाली. मी कंपनीत कर्मचारी विभागात होतो. इकामे म्हणजे तिथे राहायचे परवाने, रजा, करार, सगळ्यांच्या फायली माझ्या कपाटात. एक दिवस ते कागदांचा गठ्ठा घेऊन टेबलापाशी उभे राहिले. ऑफिसात ते मला कायम 'साब' म्हणायचे, 'भाऊ' फक्त वादीत.

"निमकर साब, एक खासगी काम हाय. डॉक्टर म्हणतात, आकडे बरोबर आहेत पण शेवटचा रकाना वाचता येत नाय."

शेवटचा रकाना शेऱ्यांचा होता. याकूबभाई गावच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले होते. त्यांनी सगळे शेरे देवनागरीत, गोल, सावकाश अक्षरात लिहिले होते. 'खोतीण: तीन अंडी, एक मोठी अळी. वारा फार. खोतीण आज नाराज.' 'मास्तर: शून्य. पण पाला नवा फुटला, आशा आहे.' 'झाड सतरा: मागच्या जुम्म्याला होती ती अळी गांधीलमाशीने नेली. लहान होती.' मी हसत हसत वाचायला लागलो आणि तिसऱ्या पानाशी हसायचं थांबलो. त्यांच्या शेऱ्यांचं इंग्रजी करून द्यायचं काम मी घेतलं आणि ते सहा हिवाळे केलं. त्यांचं अक्षर मला माझ्या अक्षराइतकं ओळखीचं झालं. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो आहे.

मास्तरसमोरचं ते शून्य पाहून मी एकदा म्हटलं होतं, काही नसेल तर रकाना रिकामा सोडला तरी चालेल की. त्यांना ते अजिबात पटलं नाही.

"रिकामं म्हणजे मी गेलो नाय. शून्य म्हणजे मी गेलो, पडलो, बघितलं आणि नव्हतं. दोन्ही एक कसं होईल?"

माणूस असा काटेकोर, पण रुक्ष नव्हता. वादीत सौदी कुटुंबं सहलीला येत, गालिचे पसरून बसत. एकदा त्यांची मुलं रुईची फुगीर हिरवी फळं तोडून एकमेकांना फेकून मारत होती. मी म्हटलं, चला, आपण दुसऱ्या टोकाने सुरू करू, परक्या मुलखात कशाला कटकट. याकूबभाई तोवर त्यांच्या गालिच्यापाशी पोचलेसुद्धा. मला लांबून दिसत होतं, आधी त्यांनी आजोबांना सलाम केला, मग खाली बसले, मग कहवा आला, खजूर आले. अर्ध्या तासाने सगळी पोरं वाळूत उताणी पडून खोतीणची पानं खालून बघत होती आणि आजोबा काठी टेकून विचारत होते, "खालून काय दिसतंय?" परत आले ते खिशात खजूर भरून. मला म्हणाले, "चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो, एवढंच सांगितलं. बाकी त्यांचं ते बघतात."

आणि एक आठवण माझ्या घरातली. हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी माझी बायको स्मिता सहज म्हणाली होती, सातारला असताना आई मारुतीला रुईच्या पानांची माळ करायची. रियाधला देवाचं जे काय ते घरात, कपाटाच्या आत. दुसऱ्या दिवशी सकाळी याकूबभाई दारात उभे. ओल्या फडक्यात गुंडाळलेली रुईची अकरा पानं.

"वहिनी, ही गणतीतल्या झाडांची नायत हां. रस्त्याच्या पलीकडून आणली. एकेक पान बघून घेतलंय दोन्ही बाजूंनी, कुणाचं बिऱ्हाड नाय वर."

स्मिता आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. याकूबभाईंनी मला हळूच विचारलं, "कमी पडली काय?"

आता जे सांगायचं ते.

त्यांच्या नवव्या हिवाळ्याच्या शेवटी डॉक्टर सालेह त्यांना म्हणाले होते की त्या वादीच्या कडेने रस्ता रुंद करायचं आणि गाड्या लावायला जागा सपाट करायचं घाटतंय. एकाच पट्ट्याची, एकाच माणसाने केलेली, सलग दहा हिवाळ्यांची नोंद हातात असेल, तर ती घेऊन मी वरपर्यंत जाईन. पन्नास झाडांभोवती कुंपण मागणं मग सोपं होईल. सोपं म्हणाले, नक्की म्हणाले नाहीत. पण याकूबभाईंनी ते नक्की म्हणूनच ऐकलं. त्या दिवसापासून त्यांचा एकच धोशा होता: दहावा हिवाळा पुरा करायचा. "मार्चअखेर खलास. मग मला हाकललात तरी मी हसत जाईन, भाऊ. घरवाली, जैनब, कधीची बोलावतेय."

तीच वर्षं सौदीकरणाची होती. निताकत हा शब्द सगळ्यांच्या तोंडी. कंपनीत सौदी माणसं किती, त्यावरून कंपनीला रंग मिळायचा, हिरवा, पिवळा नाहीतर लाल. आम्ही लाल झालो. काही कामं फक्त सौदी माणसांनीच करायची असं ठरत गेलं. आमच्या कंपनीत त्या यादीत दोन हुद्दे आले: स्टोअरकीपर आणि कर्मचारी विभागाचा कारकून. म्हणजे ते आणि मी.

सरकारी कचेऱ्यांची कामं करणारा आमचा माणूस, मन्सूर, एका दुपारी माझ्या टेबलाशी येऊन बसला. कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर आमचे परवाने होते त्या सौदी मालकाने, धडपड करून एका माणसाचा इकाम्यावरचा हुद्दा बदलून घ्यायची परवानगी मिळवली होती. एकाचीच. दुसऱ्याने देश सोडायचा. "तू फायली ओळखतोस," मन्सूर म्हणाला, "कुणाचं नाव घालायचं ते रविवारपर्यंत सांग. मालक म्हणाला, निमकर ठरवेल."

माझी मुलगी अनुजा तेव्हा दहावीत होती. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. मधेच शाळा सोडून भारतात जायचं म्हणजे तिचं वर्ष जाणार. हे कारण खोटं नव्हतं. आजही मला कुणी विचारलं तर मी म्हणेन की बापाने दुसरं काय केलं असतं. मी माझं नाव घातलं. त्याबद्दल मी स्वतःला एखादे वेळी माफही करीन.

पण आणखी एक वाट होती आणि ती मला दिसत होती. याकूबभाईंना हुद्दा बदलून नकोच होता. त्यांना फक्त मार्चअखेरपर्यंतचे दिवस हवे होते. त्यांचा इकामा तोवर चालू होता. कफील त्यांना पस्तीस वर्षं ओळखत होता, त्यांच्या हातची सुलेमानी पीत होता. मी जाऊन एवढंच विचारायचं होतं: याकूबला मार्चपर्यंत राहू दे. कदाचित तो हो म्हणाला असता. मी विचारलं नाही. कारण विचारायला गेलो असतो तर कफील म्हणाला असता, मग यादी परत बघू, याकूबचंच नाव घालू, तू तरुण आहेस. या भीतीने मी त्याच्या खोलीवरून चार वेळा गेलो आणि चारही वेळा पुढे गेलो.

याकूबभाईंना मी सांगितलं, "तुमचं नाव दिलं होतं. सिस्टीमने घेतलं नाही."

ते म्हणाले, "तुमचं झालं ना?"

"झालं."

"अल्हमदुलिल्ला. पोरीचं वर्ष वाचलं." आणि मग, माझंच काही हरवलं असल्यासारखा माझ्या खांद्यावर हात ठेवून, "तुम्ही काय करणार, साब. सिस्टीमपुढे कोण बोलणार."

डिसेंबरच्या मध्यावर त्यांची फायनल एक्झिट झाली, म्हणजे देश कायमचा सोडायचा शिक्का बसला. जायच्या आधीच्या शुक्रवारी मला वादीत घेऊन गेले आणि पन्नासही झाडांशी उभं करून शिकवलं, कुठल्या झाडाला कुठल्या बाजूने जायचं. डॉक्टर सालेह तेव्हा दोन महिने परदेशी होते. नोंदीचे कागद त्यांच्या विभागातल्या पेटीत टाकायचे असत. "डॉक्टर आले की सांगा, परकार गेला. पुढची पानं तुमच्या नावाने लिहा. माणूस बदलला ते त्यांना कळायला पाहिजे," याकूबभाई म्हणाले. "माझ्या नावाने लिहू नका. बरोबर होणार नाय ते."

विमानतळावर माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्ही मोजताय म्हणून मी जातो. नायतर माझा पाय उचलला नसता."

पहिले तीन शुक्रवार मी खरोखर गेलो. खरोखर आडवा पडलो, पन्नास वेळा. आकडे खरे लिहिले. पण नाव त्यांचं लिहिलं, आणि त्यांच्याच गोल अक्षरात. मला वाटलं, एकाच माणसाची सलग दहा वर्षं पुरी होतील. मी घेतलेलं काहीतरी मी असं परत करतोय. एवढं सांभाळलं की फिटलं. असा हिशेब माझ्यासारखाच माणूस करू जाणे.

चौथ्या शुक्रवारी अनुजाला ताप होता. पाचव्या शुक्रवारी नव्हता, पण मी गेलो नाही. तिथे गेलं की त्यांची नळी न् नळी दिसायची, पाठ टेकली की वाळूत त्यांच्या पाठीची जागा आहे असं वाटायचं. मी घरीच जेवणाच्या टेबलावर बसून पानं भरायला लागलो. मागच्या वर्षांचे आकडे समोर ठेवून थोडे इकडे, थोडे तिकडे. शेरेसुद्धा लिहिले. ते मला त्यांच्यापेक्षा बरे जमत होते. रकाना रिकामा सोडायचा प्रामाणिकपणा माझ्यात नव्हता आणि शून्य लिहायचा मला अधिकार नव्हता, म्हणून मी भरलेले आकडे लिहिले.

अनुजा अभ्यास करता करता एकदा डोकावली. "बाबा, व्हॉट आर यू कॉपीइंग?"

"होमवर्क," मी म्हणालो.

ती हसली. मीसुद्धा हसलो, हे मला आठवतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला डॉक्टर सालेहांचा फोन आला. याकूबचा नंबर लागत नाही, तुम्ही येऊ शकाल का. मी गेलो. त्यांच्या टेबलावर माझी पानं होती. म्हणजे याकूबभाईंची.

"मिस्टर निमकर, हा शेरा मला वाचून दाखवा."

मी वाचला. 'खोतीण: दोन अळ्या, मोठ्या. पानं खाऊन चाळण केली. खोतीण खूश.'

"ही पहिल्या रांगेतली उंच रुई ना?"

"हो."

"मी परवा परत आलो आणि काल तिथे जाऊन आलो. जानेवारीतल्या पावसात वादीला पूर आला होता. पहिली रांग वाहून गेली. तिथे झाड नाही, नळी नाही, काहीच नाही. हे पान पुरानंतरच्या शुक्रवारचं आहे." त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "याकूब असं करणार नाही. म्हणून मी तुम्हाला विचारतोय."

पाऊस मला माहीत होता. मलाझच्या रस्त्यांवर पाणी तुंबलं म्हणून ऑफिस लवकर सुटलं होतं. त्या पावसाचं वादीत काय झालं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. याकूबभाईंच्या डोक्यात ते दहा वेळा आलं असतं.

मी सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, कागदांचं. इकाम्याचं नाही.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "नऊ वर्षांची पानं याच अक्षरात आहेत. आणि इतकी वर्षं भाषांतर तुमच्या हातून झालंय."

"ती सगळी त्यांचीच आहेत, डॉक्टर. शपथेवर सांगतो. फक्त ही शेवटची माझी."

"मी तुमच्यावर विश्वास ठेवतो. पण मी ज्यांच्यापुढे हा गठ्ठा ठेवणार, ते विचारतील, यातलं खरं कुठपर्यंत आणि खोटं कुठून? मी काय दाखवू? अक्षर एक आहे. नाव एक आहे." त्यांनी पानं गोळा केली, कडा सारख्या केल्या. "तुम्ही तुमच्या नावाने तीनच शुक्रवार लिहिले असते ना, तरी मी भांडलो असतो."

ती फाइल कुठेच गेली नाही. पुढच्या हिवाळ्याआधी वादीची ती कड सपाट झाली. मी एकदाच पाहायला गेलो. गाड्या लावायला पांढरे पट्टे आखले होते आणि एका कोपऱ्यात डांबर फोडून बोटभर रुई वर आली होती. मी तिच्याखाली पडून पाहिलं नाही. पडण्याइतकी ती उंच नव्हती.

अनुजा दहावी झाली, बारावी झाली, कॉलेजला लागली. चार वर्षांनी माझाही हुद्दा सौदी माणसाला गेला आणि आम्ही पुण्याला आलो. त्याच डिसेंबरात मी एकटाच याकूबभाईंच्या गावी गेलो. स्मिताला म्हटलं, भेटून येतो. सांगून येतो, असं म्हणायचं होतं. तिलाही मी तोवर काही सांगितलं नव्हतं.

खाडीच्या कडेला घर. पडवीत खुर्ची टाकून बसले होते. साखरेने पाय गेल्यासारखे झालेले, अंग निम्मं उरलेलं. मला पाहून उठायला लागले, दोन टप्प्यांत, आणि दुसरा टप्पा जमेना. मी पुढे होऊन हात दिला. या वेळी त्यांनी तो घेतला.

"जैनब! बघ कोण आलंय. निमकरभाऊ गो!" आणि भाभी डोक्यावरचा पदर सावरत बाहेर आल्या तशी माझ्याकडे बोट दाखवून, "ह्यांचं सांगत होतो ना तुला. कफीलच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलंनी ह्यांनी माझ्यासाठी. पण सिस्टीमच आडवी आली."

भाभी म्हणाल्या, "दर जुम्म्याला तुमच्यासाठी दुवा मागतात. स्वतःसाठी मागायचं विसरतात."

मी तांदळाची भाकरी आणि सुक्या बांगड्याचं तिखलं खात होतो. मी पाणी प्यायलो. आता सांगायचं, असं ठरवून गडू खाली ठेवला.

"याकूबभाई, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"आधी माझं सांगा," ते खुर्चीत पुढे सरकले. त्यांचे डोळे पिवळट झाले होते, पण नजर तीच, पानाखालून वर बघणारी. "दहावं वर्ष पुरं झालं ना? चार वर्षं झाली, मी कुणाला विचारलं नाय. डॉक्टरांना फोन करायची हिंमत झाली नाय. म्हटलं, तुम्ही याल, तुमच्या तोंडूनच ऐकीन. झाडं आहेत?"

समुद्राकडून वारा येत होता. भाभी दारात थांबल्या होत्या, हातात भाकरी तशीच.

"आहेत," मी म्हणालो.

"कुंपण?"

"घातलंय."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले, काही पुटपुटले. मग एकदम डोळे उघडून, स्टोअरमध्ये विचारायचे त्या आवाजात, "उंची किती? बुटकं असेल तर पोरं उड्या मारून जातात."

मी छातीशी हात नेला. "एवढं. लोखंडी."

"लोखंडी! ऐकलंस काय गो? लोखंडी कुंपण घातलांनी."

"आणि तुमचं काय होतं? तुम्ही काय सांगत होतात?" भाभींनी मला विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "भाकरी छान झालीय, एवढंच."

मागच्या रमजानमध्ये त्यांच्या जावयाचा फोन आला की याकूबभाई गेले. झोपेतच गेले म्हणाला. माझ्या बोलण्याने दुखावलं जाईल असं तिथे आता कुणी उरलं नाही. भाभी आहेत, पण त्या हे वाचणार नाहीत. म्हणजे खरं सांगायला मी तेवढीच वाट पाहिली, त्यातही काही मोठेपण नाही.

त्या दिवशी मी निघालो तेव्हा ते मला सोडायला अंगणाच्या फाटकापर्यंत आले, भिंत धरत, माडाचा बुंधा धरत. रिक्षा वळून चढाला लागली. मी मागे पाहिलं. वाटेने कुणी शेजारी डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन चालला होता. याकूबभाईंनी त्याला थांबवलं होतं आणि ते त्याला काहीतरी सांगत होते. एक हात फाटकावर, दुसरा छातीशी आडवा, कुंपणाची उंची दाखवणारा. शेजाऱ्याने काहीतरी विचारलं असावं. याकूबभाईंनी मान हलवली आणि तो हात वर नेला, गळ्यापर्यंत, मग हनुवटीपर्यंत.